पाच नंबरवाला रिंग सोडून बाहेर का आला?

मे महिन्यात सोलापुरात बास्केटबॉल खेळायचा तर सकाळी सातच्या आत, नाहीतर संध्याकाळी सहानंतर. मधल्या वेळात सिमेंटचं कोर्ट तव्यासारखं तापलेलं असतं. अशाच एका संध्याकाळी भाच्याची मॅच बघायला गेलो होतो. भाचा नववीत आहे, उंची आत्ताच सहा फूट, टीममध्ये सगळ्यात उंच. आणि हा पठ्ठ्या रिंगपासून वीस-बावीस फूट लांब, कोपऱ्यात उभा. मला राहवेना. ‘अरे आत जा की! रिंगखाली जा!’ असं दोनदा ओरडलो. त्यानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मॅच संपल्यावर पाण्याची बाटली तोंडाला लावत म्हणाला, ‘मामा, मी आत जाऊन उभा राहिलो की त्यांचा सगळ्यात उंच पोरगा पण माझ्यामागं आत येतो. मग आमचा गार्ड घुसणार कुठून?’

मी गप्प बसलो. माझ्या कॉलेजच्या दिवसांत, म्हणजे नव्वदच्या दशकात, माझी उंची सहा फूट एक इंच. सरांनी पहिल्याच दिवशी रिंगखालची एक जागा दाखवली आणि सांगितलं, ‘इथून हलायचं नाही. बॉल आला की वर टाकायचा, ड्रिबल (बॉल आपटत नेणं) करायचं नाही.’ तीन वर्षं मी तेवढंच केलं. सर चुकीचे नव्हते आणि भाचाही चुकीचा नाही. रिंग तेव्हाही दहा फुटांवर होती, आजही आहे. मग मधल्या काळात झालं काय?

आधी कोण कुठं उभं राहतं ते सांगतो, म्हणजे पुढचं सोपं जाईल. एका बाजूला पाच खेळाडू असतात आणि कोच मंडळी त्यांना नंबरांनी ओळखतात. एक नंबर पॉइंट गार्ड, म्हणजे बॉल वर आणणारा आणि तो कुणाला द्यायचा ते ठरवणारा. दोन नंबर शूटिंग गार्ड, बाहेरून मारणारा. तीन नंबर स्मॉल फॉरवर्ड, थोडं आतलं थोडं बाहेरचं. चार आणि पाच, म्हणजे पॉवर फॉरवर्ड आणि सेंटर, हे उंच आणि दणकट गडी. रिबाउंड काढायचे (चुकलेल्या शॉटचा परत आलेला बॉल पकडायचा), समोरच्याला आत येऊ द्यायचं नाही, जवळून बास्केट करायचा. आमच्या वेळी पाच नंबरला ‘पिवट’ म्हणायचे.

यातली गंमत अशी की हे नंबर नियमपुस्तकात ठरवून दिलेलेच नाहीत. नियम फक्त ‘पाच खेळाडू’ म्हणतो. डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेत स्प्रिंगफील्डला जेम्स नेस्मिथ यांनी हा खेळ काढला, तेव्हा तर एका बाजूला नऊ जण होते, कारण वर्गात मुलंच अठरा होती. कोण काय करणार हे खेळणाऱ्यांनी सोयीनं ठरवलं, आणि सोय बदलली की तेही बदलत गेलं.

सोलापूरकराला हे समजायला मागाचं उदाहरण पुरेसं आहे. हातमागावर विणकर स्वतः धोटा (आडवा धागा नेणारं लाकूड) फेकायचा आणि घरातल्या बायका त्यात बसणाऱ्या कांड्यांवर धागा भरायच्या. यंत्रमाग आला, धोटा विजेवर पळू लागला, आणि कामगाराचं काम झालं एकाच वेळी अनेक मागांवर नजर ठेवायचं आणि तुटलेला धागा जोडायचा. पुढं रेपियर, एअरजेट असे बिनधोट्याचे माग आले. तिथं कांडीच लागत नाही. कांडी भरणाऱ्या बाईचा हात काही बिघडला नव्हता, तिची कांडी ज्या धोट्यात बसायची तो धोटाच गेला. बास्केटबॉलमध्ये खेळाडूंचं नेमकं असंच होत आलंय. ‘नव्या पोरांना जुनं जमत नाही’ असं म्हणणाऱ्यांनी धोटा कुठं गेला ते आधी बघावं. त्यात मीही आलो.

पहिला मोठा धक्का दिला घड्याळानं. २२ नोव्हेंबर १९५० ची एनबीएमधली, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमधली मॅच. मिनियापोलिस लेकर्सकडे जॉर्ज मायकन होता, सहा फूट दहा इंच. मायकनशी सरळ खेळून निभाव लागायचा नाही, हे फोर्ट वेन पिस्टन्सना ठाऊक होतं. म्हणून त्यांनी साधा उपाय काढला. बॉल हातात धरायचा आणि मारायचाच नाही. इतक्या वेळात शॉट घेतलाच पाहिजे असा नियम तेव्हा नव्हता. मॅच संपली तेव्हा स्कोअर होता १९-१८. पिस्टन्स जिंकले. लेकर्सच्या १८ पैकी १५ गुण एकट्या मायकनचे. प्रेक्षकांची काय अवस्था झाली असेल!

कबड्डी बघणाऱ्यांना हे दुखणं ओळखीचं वाटेल. आघाडी मिळाली की चढाई करणारा गडी जातो, लाइन शिवतो, वेळ काढून परत येतो. प्रो कबड्डीनं त्यावर औषध काढलं. सलग दोन चढाया कोऱ्या गेल्या की तिसरीत गुण आणायचाच, नाहीतर चढाई करणारा बाद. एनबीएनं हेच औषध १९५४ मध्ये घेतलं होतं. सिरॅक्यूज संघाचे मालक डॅनी बायसोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिशोब मांडला. चांगली रंगलेली मॅच असेल तर दोन्ही संघ मिळून साधारण १२० शॉट घेतात. मॅच ४८ मिनिटांची, म्हणजे २,८८० सेकंद. भागिले १२०, उत्तर २४. बॉल ताब्यात आल्यापासून २४ सेकंदांत शॉट घ्यायचा. संघाची मॅचमागची गुणांची सरासरी एका हंगामात ७९ वरून ९३ वर गेली.

स्कोअर वाढला हे सगळे सांगतात. पण आपल्या विषयाच्या दृष्टीनं महत्त्वाचं वेगळंच घडलं. पळापळ वाढली, आणि नुसता उंच, पण धावायला जड असलेला गडी मागं पडू लागला. १९५६ मध्ये बोस्टन सेल्टिक्सकडे बिल रसेल आला. तोही पाच नंबरच. पण त्याचं मुख्य काम स्वतः बास्केट करणं नव्हतं. समोरच्याचा शॉट अडवायचा, रिबाउंड घ्यायचा आणि बॉल लगेच पुढं पळणाऱ्याला द्यायचा. फास्ट ब्रेक त्याच्यापासून सुरू व्हायचा. तेरा हंगामांत बोस्टननं अकरा विजेतेपदं घेतली. घड्याळ नसतं तर या कौशल्याला इतका भाव आला असता का? मला नाही वाटत.

मधल्या काळात उंच गड्यांना आवरायला रिंगखालचा पट्टा रुंद करत नेला, कारण हल्ला करणारा त्या पट्ट्यात तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबू शकत नाही. मायकनमुळं १९५१ मध्ये तो सहा फुटांचा बारा झाला. १९६४ मध्ये सोळा झाला, तो विल्ट चेंबरलिनमुळं, ज्यानं २ मार्च १९६२ ला एका मॅचमध्ये एकट्यानं १०० गुण केले होते. तरी पुढची कित्येक वर्षं रिंगखालचा राजा पाच नंबरच राहिला.

मग आली ती लाइन. एनबीएत तीन गुणांची रेषा १९७९-८० च्या हंगामात आली, आंतरराष्ट्रीय नियमांत १९८४ मध्ये. तिच्याबाहेरून गेलेल्या शॉटला दोनऐवजी तीन गुण, म्हणून त्याला ‘थ्री’ म्हणतात. पहिल्या हंगामात एक संघ एका मॅचमध्ये तीनसुद्धा थ्री मारून बघत नव्हता, सरासरी २.८. २०२४-२५ मध्ये हाच आकडा ३७ च्या वर गेला. रेषा तीच. मग इतका फरक का पडला?

गणित चौथीच्या पोराला जमेल असं आहे. समजा मी रिंगपासून सोळा-सतरा फुटांवरून १०० शॉट मारले आणि ४२ गेले. गुण झाले ८४. आता तीन पावलं मागं सरकून रेषेबाहेरून १०० मारले, नेम थोडा ढळला आणि ३६ च गेले. गुण झाले १०८. अगदी रिंगजवळून १०० मारले आणि ६० गेले, तर १२०. म्हणजे मारायचं तर अगदी आतून, नाहीतर रेषेबाहेरून. रेषेच्या एक पाऊल आत उभं राहून मारलेला शॉट सगळ्यात तोट्याचा. अवघड जवळजवळ तेवढाच, आणि मोबदला एक गुण कमी.

हे इतकं उघड असताना कळायला तीस वर्षं का लागली? माझं मत असं, की नियम एका रात्रीत बदलतो पण हात बदलायला पिढी लागते. १९७९ मध्ये जे कोच होते ते रेषा नसलेल्या कोर्टवर घडलेले. त्यांच्या दृष्टीनं बावीस-तेवीस फुटांवरून मारणं म्हणजे सर्कस, नाहीतर मॅच हातातून गेल्यावरची धडपड. त्यांनी मुलांना ते शिकवलंच नाही. गोल्डन स्टेट संघाचा गार्ड स्टीफन करी १९८८ मध्ये जन्मला. त्यानं पहिल्यांदा बॉल हातात घेतला तेव्हा रेषा आधीपासून आखलेलीच होती. २०१५-१६ च्या एका हंगामात त्यानं ४०२ थ्री मारले.

आता भाच्याच्या मुद्द्याकडं येतो, कारण खरी मेख तिथं आहे. बाहेरून मारणारा खेळाडू बॉल न मारताही संघाच्या उपयोगी पडतो. तो रेषेवर उभा राहिला की त्याला राखणाऱ्याला बाहेर यावंच लागतं, नाहीतर मोकळा थ्री. राखणदार बाहेर आला की आत जागा होते. आमच्या सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर सगळे मधल्या पाळण्यापाशीच गोळा झाले, तर कुणालाच पुढं सरकता येत नाही. तीच माणसं कडेच्या दुकानांकडं पांगली की मधून सायकल जाईल. उंच पोरगा कोपऱ्यात गेला म्हणजे त्यांचा उंच राखणदारही पाळण्यापासून लांब गेला. कोपरा का, तर कोपऱ्यात रेषा रिंगच्या जास्त जवळ असते. एनबीएत रेषा समोरून २३ फूट ९ इंच आहे, कोपऱ्यातून २२ फूट.

या सगळ्याला आणखी दोन नियमांनी हातभार लावला. एनबीएत आधी झोन डिफेन्सला, म्हणजे माणसाऐवजी जागा राखण्याला, बंदी होती. २००१ मध्ये ती उठली, आणि रिंगकडं पाठ करून एकास एक खेळणाऱ्या उंच गड्याला दोघा-तिघांनी घेरणं सोपं झालं. (आपल्याकडं आंतरराष्ट्रीय नियमांनी खेळतात, त्यामुळं झोन कायमच चालायचा. शाळेच्या मॅचमध्ये दोन-तीनचा झोन बघूनच आम्ही मोठे झालो.) मग २००४ मध्ये बॉल आणणाऱ्या गार्डच्या अंगावर हात ठेवून त्याला रोखणं, यावर पंच कडक शिट्टी मारू लागले. चपळ गार्डला रान मोकळं झालं. त्याच हंगामात फीनिक्सचे कोच माइक डी’अँटोनी यांनी स्टीव्ह नॅशच्या हाती बॉल देऊन, २४ सेकंदांची वाट न बघता पहिल्या काही सेकंदांतच शॉट घ्यायचा खेळ सुरू केला. लोक तेव्हा म्हणाले, असं खेळून कप मिळत नसतो. फीनिक्सला मिळालाही नाही.

तो मिळाला २०१५ मध्ये गोल्डन स्टेटला. फायनलमध्ये (चार मॅच आधी जिंकेल तो विजेता) ते क्लीव्हलँडविरुद्ध १-२ असे मागं होते. चौथ्या मॅचला त्यांनी सात फुटी सेंटर अँड्र्यू बोगटला सुरुवातीच्या पाचातून काढलं आणि सहा फूट सहा इंचांच्या आंद्रे इग्वोडालाला घेतलं. पाच नंबरला खेळला ड्रेमंड ग्रीन, तोही सहा फूट सहा इंचच. पुढच्या तिन्ही मॅच त्यांनी जिंकल्या. योगायोग असा, की त्याच जून महिन्यात पंजाबचा सात फूट दोन इंची सतनाम सिंग एनबीए ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू निवडतात तिथं, निवडला गेलेला पहिला भारतीय ठरला. डॅलसनं त्याला ५२ व्या क्रमांकावर घेतलं. एनबीएत मात्र त्याला एकही मॅच खेळायला मिळाली नाही. आपण इथं ‘उंची आहे, मग झालंच’ असं म्हणत होतो, आणि तिकडं ऐन त्याच वेळी सात फुटी गडी बाकावर बसत होते.

इथं मला दोन माणसांची गोष्ट शेजारी शेजारी ठेवून बघायला आवडते. रॉय हिबर्ट, सात फूट दोन इंच, इंडियानाचा सेंटर. हात सरळ वर करून भिंतीसारखा उभा राहायचा आणि आत येणाऱ्याला बास्केट मिळू द्यायचा नाही. २०१२ आणि २०१४ मध्ये तो ऑल-स्टार, म्हणजे लीगच्या निवडक खेळाडूंपैकी एक, होता. मग समोरचे संघ त्याला बाहेर ओढायला लागले. ज्याला तो राखायचा तो सेंटरच रेषेवर जाऊन उभा राहायचा. भिंत बाहेर न्या, आत मैदान मोकळं. २०१७ मध्ये, वयाच्या तिशीतच, हिबर्टची एनबीए कारकीर्द संपली.

दुसरा ब्रूक लोपेझ, तोही सात फुटी, जुन्या वळणाचा. पहिल्या आठ हंगामांत त्यानं मिळून फक्त तीन थ्री मारले होते. तीनशे नव्हे, तीन. २०१६-१७ मध्ये नवा कोच आला, त्यानं सांगितलं बाहेरून मार. त्या एका हंगामात लोपेझनं १३४ मारले. पुढं २०२१ मध्ये मिलवॉकीबरोबर विजेता ठरला. एक गडी त्याच मागावर थांबला, दुसऱ्यानं नवा माग शिकून घेतला. हिबर्टला यात मी दोष देत नाही. आठ वर्षं ज्या कामासाठी टाळ्या मिळाल्या ते सोडून तिसाव्या वर्षी नवीन हात बसवणं सगळ्यांना जमत नाही, आणि सांगणारा कोचही भेटावा लागतो.

मग पाच नंबर संपला का? उलट, गेल्या काही वर्षांतला सगळ्यात प्रभावी खेळाडू पाच नंबरच आहे. सर्बियाचा निकोला योकिच. २०१४ च्या ड्राफ्टमध्ये ४१ व्या क्रमांकावर निवडला गेला, पुढं तीनदा लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि २०२३ मध्ये डेन्व्हरला कप मिळवून दिला. पळायला मंद, उडी बेताची. पण बॉल त्याच्याकडं गेला की तो एक नंबरसारखा पास देतो, दोन नंबरसारखा बाहेरून मारतो आणि रिबाउंड पाच नंबरचे काढतो. आता कोच लोक खेळाडूचा नंबर विचारण्याआधी विचारतात, याला बाहेरून मारता येतं का? पास देता येतो का? समोरच्या पाचांपैकी किती जणांना हा राखू शकतो? शेवटचा प्रश्न फार महागडा झालाय. आक्रमण करणारे स्क्रीन लावून (राखणदाराच्या वाटेत आडवा गडी उभा करून) मुद्दाम तुमच्या कच्च्या राखणदाराला त्यांच्या पक्क्या खेळाडूसमोर आणतात. ज्याला एकच प्रकारचा माणूस राखता येतो, तो शेवटच्या पाच मिनिटांत बाकावर दिसतो.

आणि गणितावर आंधळा भरवसा ठेवला की काय होतं त्याचाही एक नमुना आहे. ह्यूस्टन रॉकेट्सनी २०१७-१८ मध्ये निम्म्याहून जास्त शॉट रेषेबाहेरून घेतले. हंगामभर ते जोरात होते. वेस्टर्न कॉन्फरन्स फायनलच्या, म्हणजे लीगच्या पश्चिम विभागाच्या फायनलच्या, सातव्या आणि शेवटच्या मॅचमध्ये त्यांचे सलग २७ थ्री चुकले. एकूण ४४ पैकी ७ गेले आणि ते हरले. सरासरी हंगामात दिसते. सातवी मॅच एकच असते.

सगळे रेषेवर धावायला लागले तसा बचावही तिकडं सरकला आणि मधली जागा पुन्हा ओस पडली. आता चांगले संघ तिथून मारणारा एखादा हुकमी माणूस जपून ठेवतात. उंच गडीही परत येतायत, पण पाय हलणारे आणि हात बसलेले. सात फूट चार इंचांचा व्हिक्टर वेम्बान्यामा बॉल घेऊन गार्डसारखा धावतो, तेव्हा मला माझे सर आठवतात. ड्रिबल करायचं नाही!

आता हे सगळं आपल्या कोर्टवर जसंच्या तसं आणायचं का? इथं मात्र पोरांशी माझं भांडण आहे. ते मोबाइलवर करीचे शॉट बघून येतात आणि रेषेच्याही दोन पावलं मागून फेकतात. करीचा हात वातानुकूलित हॉलमध्ये, लाकडी फरशीवर बसलाय. इथं संध्याकाळी वारा सुटतो, बॉल धुळीनं निसटतो, रिंग एका बाजूला किंचित कललेली. आपल्या पोराचे बाहेरून दहातले दोन जात असतील तर गुण सहा. त्याच पोराचे लेअप, म्हणजे धावत जाऊन रिंगजवळून टाकलेले शॉट, दहातले पाच जात असतील तर गुण दहा. लेअप दहातले पाच जाणार असतील, तर बाहेरून निदान साडेतीन तरी जायला हवेत, तेव्हा कुठं थ्री फायद्याचा. वही घेऊन आठवडाभर आपले आपण मोजा, एनबीएचा आकडा इथं चालत नाही.

पण अर्ध्या कोर्टवर तीन-तीन जण खेळत असाल, तर हिशोब उलटतो. थ्री-ऑन-थ्रीमध्ये, जो टोकियोपासून ऑलिंपिकमध्येही आहे, आतून मारला की एक गुण आणि रेषेबाहेरून दोन. म्हणजे बाहेरचा शॉट दीडपट नाही, थेट दुप्पट. आत दहातले पाच जात असतील तर बाहेरून अडीच गेले तरी बरोबरी. घड्याळ तिथं १२ सेकंदांचं. तिथं रिंगखाली उभं राहून वाट बघणारा माझ्यासारखा पिवट पहिल्या मिनिटात निकामी.

हे पुस्तकातलं नाही, अनुभवाचं बोलतोय. गेल्या रविवारी सकाळी भाच्याच्या टोळीत एक जण कमी होता. म्हणाला, ‘मामा, तुम्ही नुसतं त्या बाजूला रेषेच्या बाहेर उभे राहा. काही करू नका.’ राहिलो. मला राखायला आलेलं पोरगं इमानदारीत माझ्याजवळ उभं, मधे रस्ता मोकळा, आणि भाच्यानं सरळ आत घुसून दोन लेअप काढले. मला वाटलं, हे काम तर झकास आहे. मग बॉल माझ्याकडं आला. मारला, बोर्डालासुद्धा लागला नाही. दुसरा बोर्डाच्या वरून गेला. तिसरा चुकल्यावर त्या पोरानं माझ्याकडं एकदा नीट बघितलं आणि मला तिथंच सोडून रिंगखाली जाऊन उभं राहिलं.